जनुक सापडलं म्हणून गहू सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंचवटीत माझी पिठाची गिरणी आहे. हल्ली गिऱ्हाईक डब्याबरोबर रिपोर्टही पुढे करतं. नेहमीच्या एका घरचं गव्हाचं दळण मध्यंतरी एकदम बंद झालं. मुलाचं पोट दुखतं म्हणून कुठल्याशा लॅबचं पॅकेज घेतलं, त्यात 'एचएलए-डीक्यू२ पॉझिटिव्ह' आलं, म्हणजे सिलिॲक आजाराशी जोडलेलं जनुक सापडलं, की आजीसकट सगळं घर भाकरीवर! भाकरी वाईट नाही, माझा धंदाही बुडत नाही. पण हे कारण चुकीचं आहे.

माझ्या पुतणीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. लोहाची औषधं घेऊनही तिचं हिमोग्लोबिन वाढेना, उंचीही खुंटली, तेव्हा कुठे तपास लागला. सिलिॲकच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत डीक्यू२ किंवा डीक्यू८ असतं, हे खरं. पण ही जनुकं ३० ते ४० टक्के लोकांत असतात आणि त्यांतल्या शंभरात दोघा-तिघांनाच हा आजार होतो. या तपासणीचा खरा उपयोग उलटा आहे. दोन्ही नसतील तर सिलिॲकची शक्यता जवळपास संपते. सख्ख्या भावंडांना धोका जास्त, म्हणून पुतणीच्या धाकट्या भावाची तपासणी केली. दोन्ही निघाली नाहीत आणि दर काही वर्षांनी सुई टोचण्यातून पोरगा सुटला.

आजार ठरतो तो टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीवर आणि बहुतेकदा दुर्बिणीतून काढलेल्या लहान आतड्याच्या तुकड्यावर. तोवर गहू खाणं चालू हवं. आधीच सोडला तर आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. त्या घराला मी हेच सांगितलं, पण गिरणीवाल्याचं कोण ऐकतो?

ज्यांना खरंच सिलिॲक आहे, त्यांनी 'खपली चालते' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. खपली गहूच आहे. बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. आणि पेठ-सुरगाण्याची चांगली नागली आणून गव्हावर दळली, तर पाट्यांत अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरणारच.

लॅबवाल्यांनी अशा रिपोर्टाखाली 'हे आजाराचं निदान नाही' एवढं मराठीत छापावं. गिरणीवाल्या बंधूंनी सिलिॲकच्या रुग्णांचं दळण उपासाच्या चक्कीवर घ्यावं. आषाढी आणि महाशिवरात्र सोडली तर ती रिकामीच असते.

– एक गिरणीवाला, पंचवटी, नाशिक