आईची बदली झालीये, एवढंच

निखिल,

फोनवर माझ्या इंदूरच्या बदलीचा विषय निघाला की दुसऱ्या मिनिटाला आपलं भांडण होतं, तू "बरं ठेवतो" म्हणतोस, मी पण रागात ठेवते आणि मग दहा मिनिटांनी बाबांचा फोन येतो की काय बोललीस त्याला. म्हणून लिहितेय. लांबणार आहे, ऑफिसात लंचटाइमला उघडू नकोस, घरी जाऊन वाच.

तुझा दिवाळीनंतरचा मेसेज मी बऱ्याचदा वाचला. बाबा एकटे पडलेत, तुझं वय झालंय, आता या वयात काय सिद्ध करायचंय, पुण्याला ये आणि आरामात राहा. चांगल्या मनाने लिहिलायस हे कळतं रे मला. पण एक विचारू? तू तिसरीत होतास तेव्हा रेल्वेने बाबांची भुसावळला बदली केली होती, आठवतंय ना? शनिवारी रात्री उशिरा यायचे, रविवारी रात्री परत जायचे. इकडे आजी अंथरुणाला खिळलेली, नंतर तुझी चौथीची स्कॉलरशिप, आणि मी सकाळची लोकल पकडून ठाण्याला बदलून रबाळेला कंपनीत. तेव्हा आत्या, मावशी, बिल्डिंगमधले, कोणी एकाने तरी बाबांना विचारलं का की बायकोपोराला टाकून कसे गेलात? उलट प्रमोशनवर गेलेत म्हणून आपण पेढे वाटले होते. आता माझी बदली झाली तर सगळ्यांना वाटतंय नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. आत्यांनी तर बाबांना गॅलरीत नेऊन विचारलं म्हणे, सगळं ठीक आहे ना? बाबा म्हणाले, ठीक आहे, फक्त तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती ते विसरतो. (मला हे बाबांनीच सांगितलं, आणि सांगताना हसत होते, एवढं लक्षात घे.)

आता हिशोब ऐक, कारण तुला वाटतं मी भावनेच्या भरात आले. आमचं युनिट बंद होणार ही कुजबुज कधीची चालू होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल-फार्मा कंपन्या एकेक करून जातायत, जागेला सोन्याचा भाव, तिथे डेटा सेंटर आणि आयटी पार्क होतायत, औषधाच्या गोळ्या बनवून कोणाला परवडणार. एचआरने दोन कागद समोर ठेवले, व्हीआरएस, म्हणजे मुदतीआधी स्वेच्छानिवृत्ती, नाहीतर इंदूरजवळच्या पीथमपूरच्या युनिटला बदली. माझ्याबरोबरच्या बहुतेकींनी व्हीआरएस घेतली आणि त्यांचं काही चुकलं नाही, कोणाची सासू, कोणाची मुलगी बारावीत. माझं काय होतं? तू कमवायला लागलास, आजी गेली, बाबांची नोकरी अजून आहे. पीएफच्या पेन्शनचा नियम असा की ती पूर्ण मिळते ५८ ला, पन्नाशीपासून घेता येते पण लवकर घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात, ती पण कायमची. शिवाय डोंबिवलीच्या घराचे हप्ते अजून आहेत, ते तुला कधी दिसू दिले नाहीत. म्हणजे पैशाच्या बाजूने आठ वर्षं नोकरी करणं हेच शहाणपणाचं होतं.

पण हिशोब बाजूला ठेवून सांगते. मला यायचं होतं. पगार निम्मा असता तरी मी घरी जाऊन विचार केला असता, लगेच नाही म्हटलं नसतं. हे मी कोणाला बोलले नाही कारण बाईने असं म्हटलं की लोक लगेच कारण शोधतात. कारण वगैरे काही नाही. चिपळूणला आम्ही चार बहिणी एका खोलीत, तिथून लग्न होऊन थेट डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये सहा माणसं, मग आपला फ्लॅट पण त्यात आजी, तू, तुझे क्लासचे मित्र... सगळं आवडीने केलं, तक्रार नाही. पण आपण एकटीने एखाद्या गावात राहिलो तर कशा राहू हे मला कधीच बघायला मिळालं नव्हतं, तू इंजिनिअरिंगला गेलास तेव्हा अठराव्या वर्षी बघितलंस, मी पन्नासाव्या वर्षी बघतेय.

घर मिळणं सोपं नव्हतं हे खरं. ब्रोकरचा पहिला प्रश्न ठरलेला, "मैडम, फैमिली कब आएगी?" पोरगी असते तर हॉस्टेल म्हणाले असते, जोडपं असतं तर फ्लॅट दाखवला असता, पन्नाशीची एकटी बाई म्हटल्यावर त्यांना कळेचना कुठल्या खान्यात टाकायचं. शेवटी एकाला म्हटलं, भैया, फैमिली यही है, आपके सामने खडी है. त्याने राजेंद्रनगरात या काकूंकडे आणलं. काकू सत्तरीच्या, आजोबांच्या काळापासून घराणं इंदूरचं, मराठी बोलतात पण "तुम्ही जेवण करून राहिल्या का?" असं, आणि माझ्या बोलण्यावर म्हणतात तुम्ही बंबईवाल्या फार भरभर बोलता. वरचा मजला माझा. आल्याआल्या कुलूप बदललं. त्याची एकच किल्ली वापरात आहे आणि ती माझ्या पर्समध्ये असते, दुसरी कोणाकडे नाही, आणि या गोष्टीचा मला जेवढा आनंद होतो तो जरा जास्तच आहे असं बाबांचं मत आहे.

पीथमपूरबद्दल तू पाठवलेल्या त्या बातम्या. हो, भोपाळचा युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत तिकडेच आणला, लोक रस्त्यावर उतरले, आणि नंतर तो तिथल्या भट्टीत जाळला. मी यायच्या आधी सगळं वाचलं होतं, केमिस्ट आहे मी, तुझ्याआधी वाचलं. पण तू मला प्रदूषणाची भीती घालतोस म्हणजे कमाल आहे हां, डोंबिवलीत वाढलेला मुलगा! एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता २०२० मध्ये, मुख्यमंत्री बघायला आले होते, तू स्टेटसला फोटो टाकलास. मे २०१६ च्या स्फोटात आपल्या बेडरूमची काच गेली, मे २०२४ ला परत तेच. आणि मी पीथमपुरात राहत नाही, राहते इंदुरात, कंपनीची बस सकाळी राजेंद्रनगरच्या कोपऱ्यावर येते, बसायला जागा मिळते. परत वाच, बसायला जागा मिळते. माझा गुडघा ज्या दिवशी पहिल्यांदा दुखला नाही त्या दिवशी मला कळलं की तो संधिवात वगैरे नव्हता, ती सेंट्रल रेल्वे होती. बाबांना सांगू नकोस, त्यांना लागेल.

बाबांवरून आठवलं, माझी ॲक्टिव्हा इथे कशी आली ते तुला माहितीये का? बाबांनी रेल्वे पार्सलने पाठवली. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची झेरॉक्स लागते, मग पॅकिंग. पॅकिंगवाला गोणपाट गुंडाळून पैसे घेतो आणि आरसे फोडतो असं म्हणून बाबांनी घरीच बांधली, आरशांना आपली जुनी सोलापुरी चादर, दोन्ही हँडलना स्वतःचे जुने बनियन, वरून सुतळी, आणि तिच्यावर मार्करने माझं नाव आणि INDB हा स्टेशनकोड चारही बाजूंनी. मी इथे पार्सल ऑफिसात ती सोडवायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, किसने बांधा है, कैंची से भी नहीं कटेगा. तू म्हणतोस बाबा नाराज आहेत. नाराज माणूस बनियन बांधतो का रे. त्यांना करमत नाही हे खरं आहे, मलाही रविवारी दुपारी नाही करमत, जेवण झाल्यावर दोन ते पाच हा वेळ इथे अगदी अंगावर येतो, एकदा तर रडले पण. आम्ही ते एकमेकांना सांगतो. तू मध्ये पडून दोघांची तब्येत विचारतोस ना, त्याने आम्हाला उगाच वाटतं की आपलं काहीतरी मोठं झालंय.

तर ती ॲक्टिव्हा अजून एमएच-०५ आहे. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की नंबर बदलावा लागतो, म्हणजे कल्याण आरटीओची एनओसी, इथला टॅक्स भरा, तिकडचा उरलेला परत मागा, तो येईल तेव्हा खरं. गॅस झाला, आधार झालं, व्होटर कार्डाचा फॉर्म ८ भरलाय. गाडीचं मात्र मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. एमपी-०९ लागल्यावर मग खरंच इथली झाले असं होईल ना, म्हणून जरा रेंगाळले. या महिन्यात करून टाकते.

कामाचं तुला कंटाळवाणं वाटेल पण एक सांगतेच. इथे लॅबमध्ये सगळी पोरं तुझ्या वयाची, बॉस माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पहिला महिना सगळे मला 'मॅम' म्हणून खुर्ची द्यायचे आणि काम द्यायचे नाहीत. मग एकदा संध्याकाळी एचपीएलसीवर (औषधात काय किती आहे ते तपासायचं मशीन) प्रेशर खालीवर व्हायला लागलं, बॅच अडकलेली, डिस्पॅचवाले डोक्यावर बसलेले, पोरं स्क्रीनकडे बघून कॉलम, म्हणजे त्यातली मुख्य नळी, बदलायला निघाली. नवीन कॉलम म्हणजे परत पहिल्यापासून सगळं स्टेबल करत बसा. मी पंपाजवळ कान नेला, एक स्ट्रोक नीट आणि एक लंगडा ऐकू येत होता, म्हटलं कॉलमला हात लावू नका, पंपाचा चेक व्हॉल्व्ह चिकटलाय. काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सोनिकेटरला टाकला, परत बसवला, प्रेशरची रेघ सरळ. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर काम यायला लागलं आणि खुर्ची द्यायचे बंद झाले, दोन्ही बरं झालं. रबाळेला मी हे शंभरदा केलं असेल, तिथे कोणाला काही वाटायचं नाही.

खाण्याचं म्हणशील तर पोहे हे लोक फोडणी देऊन झाले की वाफेवरच ठेवतात, वर शेव, कांदा, जिरावन मसाला, आणि बाजूला जिलेबी, सकाळी सात वाजता! मी पहिले नाक मुरडलं, आता रविवारी स्वतःहून जाते. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि ती बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खायच्या गाड्या, थंडीत गराडू मिळतो, तळलेला, कंदासारखा. लॅबच्या पोरींबरोबर गेले होते, परत आलो तेव्हा बारा वाजून गेलेले, मी घरी कोणालाच कळवलं नाही कारण कळवायला कोणी नव्हतं, आणि मग आठवण झाली की बाबा जागे असतील, तर त्यांना गराडूचा फोटो पाठवला. त्यांनी उत्तर पाठवलं, "तेलकट. बीपी." बस्स. आणि हो, नाटकं! सानंद म्हणून संस्था आहे, मराठी नाटकं आणते, मेंबरांचे गट केलेत आणि प्रत्येक गटाला वेगळा प्रयोग. काकूंच्या ओळखीने एका प्रयोगाला गेले. डोंबिवलीत फुले नाट्यगृह रिक्षाच्या अंतरावर, आणि आपण वर्षात एकदा जायचो नाही.

आता तुझ्या पुण्याच्या घराचं. तू म्हणतोस आई तू काही काम करू नकोस, बाई लावतो, तू फक्त राहा. माहितीये मला, खरंच लावशील. पण अरे मी तुझ्याकडे फक्त राहून काय करू? तुझी येण्याची वाट बघू? ते मी तुझ्या दहावी-बारावीत भरपूर केलं. पुढे गरज लागली, आजारपण आलं, तर हक्काने येईन, विचारणार पण नाही. आत्ता मला अठ्ठावन्नपर्यंत काम करू दे. त्यानंतर कुठे राहायचं ते बाबा आणि मी ठरवू. ते मनमाड-इंदूर लाईनच्या गप्पा मारत असतात, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी मंजूर, सगळे आकडे पाठ आहेत त्यांना, म्हणतात ती झाली की मनमाडवरून सरळ येईन. मी म्हटलं ती होईपर्यंत मी रिटायर होईन, आत्ता आहे त्या गाडीने या.

आणि तू काय करायचंस ते पण सांगते. शनिवार-रविवार डोंबिवलीला जातोस ते जात राहा, पण त्यांना डबे भरून देऊ नकोस, त्यांना जमतंय, परवा भरली वांगी केली होती. आत्यांना उत्तर तूच द्यायचंस. आईची बदली झालीये, एवढंच बोल, पुढे काही सांगत बसू नकोस, बाबांच्या वेळी आम्ही तेवढंच सांगायचो आणि चालायचं.

रंगपंचमीला इथे राजवाड्याला गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते, अख्खं शहर रस्त्यावर असतं, सुट्टी असते, आजूबाजूच्या गच्च्या लोक आधीपासून बुक करून ठेवतात. काकूंच्या भाच्याची गच्ची आहे तिथे, मी तीन माणसं सांगून ठेवलीत. पुण्याकडून इंदूरला येणारी गाडी बघ, दुपारी निघते, तू तिकडे बस, बाबा संध्याकाळी कल्याणला चढतील, सकाळी इथे. त्यांना पासावर रिझर्वेशन करावं लागेल तर आजच सांग, तू आता पासात बसत नाहीस तेव्हा तुझं तिकीट तू काढ, पण डबा एकच मिळतोय का बघा. आणि येताना सोडे आण, इथे मिळत नाहीत. काकू शुद्ध शाकाहारी आहेत, तेव्हा दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून आण, बाबांना बांधायला सांग, वास खाली गेला तर मला परत त्या ब्रोकरला फोन करावा लागेल.

आई