कॅप्टन फ्रेझर, तुमच्यामुळे माझं वाचन सुटलं नाही

आदरणीय कॅप्टन इयन फ्रेझर यांस,

सादर नमस्कार. ब्रिटनमध्ये अंधांसाठी तबकड्यांवर बोलती पुस्तकं आणणारे तुम्ही; पण आपल्याकडे तुमचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

मधुमेहाने माझ्या डोळ्यांचे पडदे गेले तेव्हा मी पन्नाशीला आले होते. ब्रेल शिका, असं सगळे म्हणाले. अक्षरं पाठ झाली, पण त्याच मधुमेहाने बोटांची टोकं बधिर केलेली; ठिपके हाताला लागतच नव्हते. मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसाची ही अडचण तुम्ही फार आधी ओळखलीत. पहिल्या महायुद्धात, जुलै 1916 मध्ये, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गोळी लागून तुमचे डोळे गेले, तेव्हा तुम्ही 18 वर्षांचे होता. 24 व्या वर्षी युद्धात अंध झालेल्या सैनिकांच्या सेंट डन्स्टन्स या संस्थेचे अध्यक्ष झालात. तिथल्या काहींचे तर हातही गेले होते. त्यांनी वाचायचं कशाने?

त्या काळी बाजारातली ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची आणि चार-पाच मिनिटांत संपायची. तशी कादंबरी ऐकायची तर तबकड्या बदलण्यातच जीव जायचा. तुम्ही पाठपुरावा सोडला नाहीत. फेरे 24 वर आले, खाचा दाट झाल्या आणि एका बाजूवर 25 मिनिटं मावू लागली. साधारण दहा तबकड्यांत अख्खी कादंबरी! 1935 पासून त्या टपालाने अंधांच्या घरी जाऊ लागल्या. अमेरिकेत रॉबर्ट आयर्विन, तेही दृष्टिहीनच, यांनी 1934 मध्ये 33⅓ फेऱ्यांची बोलती पुस्तकं सुरू केली होती. डोळस लोकांच्या घरात जास्त वेळ चालणारी लाँग-प्ले रेकॉर्ड रुळली ती 1948 नंतर. आपण अंध माणसं पुढे होतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

तुमच्या पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅडची समुद्री वादळाची गोष्ट. यासाठी तर मी तुमची कायमची ऋणी आहे. दृष्टी गेली की लोक आपल्याला एकदम सोवळं करून टाकतात. भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला भजनं आणि प्रवचनं सुचवतं. तीही मी ऐकते, मनापासून ऐकते. पण खून कुणी केला हे कळेपर्यंत जागायची माझी सवय डोळ्यांबरोबर गेली नव्हती. ती तुम्ही जपलीत.

आणि माइकसमोर बसून वाचणाऱ्यांनाही नमस्कार. तेव्हा चूक पुसायची सोय नव्हती. जीभ अडखळली की ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. मुंबईत नॅब या अंधांसाठीच्या संस्थेकरता मराठी पुस्तकं वाचून ठेवणारे त्यांचेच भाऊबंद. त्यांच्यातल्या ज्या बाईंच्या आवाजात मी सध्या एक जाडजूड कादंबरी ऐकते आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे: घाई न करता वाचता, फार बरं वाटतं.

आपली कृतज्ञ,
एक श्रोती