गोळ्या मोजणाऱ्याच्या घरीच मोजायचे राहिले

महोदय,

‘मलेरियाच्या गोळीने प्राण्यांचे डोळे गेले, गोळी घेऊ नका’ असा मजकूर सध्या आमच्याकडे मोबाईलवर फिरतो आहे. मागच्या आठवड्यात तापाने फणफणलेल्या पोराच्या आईने आशाताईला दारातूनच परत पाठवले. मी ३१ वर्षे गावोगाव रक्ताच्या काचपट्ट्या घेत हिंडलो, म्हणून लिहितो.

प्राण्यांचे खरे आहे. क्लोरोक्विन, म्हणजे हीच मलेरियाची गोळी, डोळ्यातल्या काळ्या रंगद्रव्याला चिकटून साचते. पांढऱ्या उंदराच्या गुलाबी डोळ्यात ते द्रव्यच नसते, तिथे औषध फारसे टिकत नाही; काळ्या डोळ्यांच्या उंदरात भरपूर साठते. माकडांना दीर्घकाळ दिल्यावर दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, पेशी बिघडल्या. माणसांतही हा विकार १९५९ सालीच नोंदला गेला. पण तो वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांचा. व्हायवॅक्स या जातीच्या हिवतापात (मलेरियात) मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या चार, चार, दोन अशा दहाच गोळ्या. तीन दिवसांत संपतात. तेवढ्याने पडदा जात नाही. पोराला गोळी द्या.

धोका दुसरीकडे आहे, आणि तो मला घरातच दिसला नाही. माझ्या बायकोला आमवात. त्यासाठी याच जातकुळीची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, नऊ वर्षे. जुनी चिठ्ठी दाखवायची आणि दुकानातून पुडा आणायचा. यंदा श्रावणात पोथी वाचताना म्हणाली, “अहो, मधातली अक्षरंच दिसून नाही राहिली.” मला वाटले, चष्म्याचा नंबर वाढला. नागपूरला पडद्याचा स्कॅन काढला तेव्हा कळले, गोळीने पडदा बिघडला होता. गेलेले परत येत नाही, आणि गोळी थांबवल्यावरही काही काळ बिघाड वाढू शकतो.

हिशेब साधा होता. रोजची मात्रा वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत. तिचे वजन ३८ किलो, म्हणजे १९०. जेमतेम एक गोळी; ती दुप्पट घेत होती. डोळे पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचे असतात; मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्याआधीच. हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजणाऱ्या मीही विचारले नाही. निदान आमवाताच्या कार्डावर वजन आणि डोळे तपासल्याची तारीख लिहायला जागा करा.

गावातल्या आणखी तीन बाया हीच गोळी घेतात. परवा तिघींना रेशन दुकानाच्या काट्यावर उभे केले. दोघी चाळीसच्या आत भरल्या. गोळी मनाने बंद करू नका असे बजावले आहे. सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जातो आहे.

– एक निवृत्त आरोग्य सेवक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली