म्हापशाहून आईला

ती. आईस सा. न. वि. वि.

आजीच्या लेखी मी अजून 'परदेशी दिलेली'च ना? 1961 पर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, ते काही तिच्या डोक्यातून जात नाही. तिला सांग, मी मजेत आहे.

मे महिन्यात दादाची मुलं येणार, म्हणून मुद्दाम लिहितेय. फोनवर नीट सांगता आलं नसतं. शेजारी नऊ वर्षांचा मुलगा राहतो, व्हीलचेअरवर असतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यामुळे हातपाय आणि जीभ ताब्यात राहत नाहीत. बोलणं सावकाश, लाळ गळते. समज मात्र पक्की.

पहिल्याच दिवशी चिंटू जिन्यात मोठ्यानं म्हणाला, "आई, हा असा का बोलतो?" मी त्याचा दंड दाबला, "गप्प! तिकडे बघू नकोस." त्यानंतर पंधरा दिवस तो पोरगा दिसला की चिंटू माझ्यामागे लपायचा. ती भीती मीच घातली गं त्याच्या मनात. शेवटी त्या मुलाची आईच म्हणाली, "विचारूं दी गो ताका."

चिंटूनं विचारलं, "तुला दुखतं का?" उत्तर यायला वेळ लागला. मी शब्द पुरवायला गेले, तर त्याच्या आईनं हातानंच थांबवलं. "क-धी क-धी," तो म्हणाला. आता दोघांचा रोज कॅरम. नेम तो सांगतो, स्ट्रायकर चिंटू मारतो.

पणजीत 2023 पासून दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट भरतो, तिथेही गेलो होतो. कर्णबधिर माणसं टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. चिंटू हल्ली आमटी आवडली की तसंच करतो. बघशीलच.

आई, एकच मागणं. शेजारच्या त्या मुलासमोर 'अरेरे, बिचारा' म्हणू नकोस. तू मायेनंच म्हणशील, पण त्याला सगळं कळतं, आणि तो शब्द ऐकून त्याच्या आईचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. दादाच्या मुलांनी काही विचारलं तर दटावू नका, त्यालाच विचारू द्या. फक्त त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला सांगा.

येताना कंदी पेढे आण, पण मऊ बघून घे. त्याला गिळायला जड जातं.

तुझी,
ताई