टायफूनच्या अपघातांचीही नोंद हवी

महोदय,

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या लेखांत शत्रूने पाडलेल्या विमानांचीच गणती असते, म्हणून ब्रिटनच्या हॉकर टायफूनविषयी हे पत्र. १९४१मध्ये घाईघाईने हवाई दलात दाखल झालेल्या या विमानाचे २४ सिलिंडरचे सेबर इंजिन बेभरवशाचे होते, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड कॉकपिटमध्ये शिरत असल्याने वैमानिकाला इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत ऑक्सिजनचा मुखवटा लावूनच बसावे लागे. त्याहून भयंकर म्हणजे, उडत्या विमानाचे शेपूटच तुटून पडे. ऑगस्ट १९४२मध्ये चाचणी वैमानिक केनेथ सेथ-स्मिथ यांचा असाच बळी गेला. उपाय म्हणून शेपटीजवळच्या जोडावर चहूबाजूंनी २० धातूच्या पट्ट्या रिव्हेटने ठोकण्यात आल्या. मूळ दोष मात्र एलिव्हेटरच्या (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरील हलत्या पट्टीच्या) समतोल-वजनाच्या आधारात होता: तो झिजून तुटला की एलिव्हेटर थडथडू लागे आणि त्या हादऱ्यांनी मागचा भाग निखळे. पुढे १९४४मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीत रॉकेटे डागणारे हेच टायफून गाजले. तीन हजारांहून अधिक विमानांपैकी आज पूर्णावस्थेत एकच उरले आहे. युद्धकथांत नॉर्मंडीइतकीच जागा या दोषांपायी गेलेल्या वैमानिकांनाही मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

– एक वाचक, ठाणे