ड्रेस्डेनला (जर्मनी), चि. ऋचास

सांगली

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केली, तरी या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षांची पोरगी मला पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायची नळी, कशी धरायची ते शिकवते. तुला ते लागलं, हे आवाजावरूनच कळलं. पण शिकून घे की! व्यंकटरामन रामकृष्णन यांनी १९७६ साली ओहायोत भौतिकशास्त्राची पीएच.डी. घेतली आणि पुढे सॅन डिएगोला जाऊन पुन्हा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांत बसले. २००९ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. नोबेल राहू दे बाजूला. त्याआधी त्यांनी प्राध्यापकीसाठी पन्नासेक विद्यापीठांत अर्ज केले होते आणि कुठेच डाळ शिजली नव्हती, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आणि तू काही रिकाम्या हाताने गेलेली नाहीस. गणपतीत आली होतीस तेव्हा तूच सांगितलं होतंस, कृमीच्या भ्रूणातले काही कण घट्ट नसतात, थेंबासारखे वाहतात, एकमेकांत मिसळतात, हे २००९ साली तुझ्याच ड्रेस्डेनमध्ये जीवशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ एकत्र बसले म्हणून उमगलं. समजावताना तू ताटातल्या आमटीवरचे तेलाचे थेंब चमच्याने एकत्र केलेस, आणि आई ओरडली. पृष्ठताणाचं गणित तुला येतं. त्या पोरीला पिपेट येते. तिच्याशी गट्टी कर.

बाकी तुझ्या प्रयोगातला तो छोटा मासा, झेब्राफिश, मूळचा आपल्या गंगेच्या खोऱ्यातला, हे वाचून आई म्हणाली, "म्हणजे परदेशात माहेरचं कुणीतरी भेटलं की पोरीला!"

काका मात्र भेटला की विचारतो, ऋचा एका जागी टिकत का नाही? त्याला मी संशोधकांसाठीच्या तुझ्या त्या युरोपीय मेरी क्युरी फेलोशिपचा नियम सांगितला. ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे टिकला तो बाद! जर्मनीतही पीएच.डी.नंतर साधारण सहा वर्षंच तात्पुरत्या करारावर ठेवता येतं. काका म्हणाला, "मग बदलीची नोकरी म्हण." कसली बदलीची? मी बांधकाम खात्यात गावोगाव फिरलो, पण क्वार्टर मिळायचं, सेवा अखंड धरली जायची, शेवटी पेन्शन लागली. तुम्हा पोरांना दर बदलीला नोकरीच नव्याने शोधावी लागते, वर व्हिसाची टांगती तलवार. ही पद्धत मला पटत नाही. शास्त्रज्ञाने जग पाहावं हे ठीक, पण पस्तिशीपर्यंत घरभाड्याचा करारसुद्धा धड वर्षभराच्या पुढचा करता येऊ नये?

पुण्याच्या जागेचं म्हणशील तर तिथलं काम आवडलं असेल तरच अर्ज कर. आईच्या गुडघ्यासाठी म्हणून करू नकोस. ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरतंय, सुजय रजा काढणार आहे, आणि मलाही पोळ्या सोडून सगळा स्वयंपाक येतो. तू त्या वेळी येऊन चार दिवस बसलीस तर आईला बरं वाटेल, एवढंच.

पगारातून पेन्शनसाठी कापतात त्याचे कागद एका फाइलला लावून ठेव, देश सोडताना ते मिळवायला धावपळ होते म्हणतात. आणि सध्याचा करार नक्की कोणत्या तारखेला संपतो ते कळव. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा विषय बदललास.

बाबा