यंदा खोकं पाठवत नाही

ती. आई-बाबांस,
सा. न.

आज इथे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा शुक्रवार, मोठ्या सेलचा दिवस. पहाटेचे साडेपाच झालेत. शेजारच्यांची गाडी आत्ताच सेलला गेली. इतकी वर्षं मीही जायचे, यंदा नाही गेले.

बाबा, २००८ साली तुम्हाला कॅमेरा पाठवला होता. माझा इथला पहिलाच हिवाळा. न्यू जर्सीतल्या दुकानाबाहेर रात्री दोनपासून तुमची कानटोपी घालून रांगेत उभी होते. अर्ध्या किमतीत कॅमेरा मिळाला, केवढा आनंद झाला! दुपारी टीव्हीवर पाहिलं. त्याच पहाटे लाँग आयलंडवरच्या व्हॅली स्ट्रीममध्ये दोनेक हजारांच्या गर्दीने दुकानाची दारं मोडली आणि ३४ वर्षांचा एक कामगार पायांखाली चिरडून गेला. हंगामापुरता कामावर घेतलेला. दुकान बंद करतोय म्हटल्यावर काही गिऱ्हाइकं कुरकुरली, आम्ही कालपासून रांगेत आहोत म्हणून. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण मीही तेच म्हटलं असतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. कॅमेऱ्यातले फोटो तुम्ही इतक्या हौसेने दाखवायचात, जीभच रेटली नाही.

आणि तरी पुढच्या वर्षी गेलेच. त्याच्या पुढच्याही.

मागच्या खेपेला कपाटावर आईची जुनी साडी पांघरलेली दिसली. खाली मी पाठवलेली सगळी खोकी. टोस्टर, पायांचं मसाजर, विजेचं पांघरूण. इथल्या १२० व्होल्टची यंत्रं, आपल्याकडे लावली असती तर जळाली असती. आई, तू एका शब्दाने बोलली नाहीस. उलट धूळ बसू नये म्हणून साडी घातलीस. तेव्हापासून ती साडी डोळ्यांसमोरून हलत नाही.

इथल्या बाजाराचा जोर किती, तर १९३९ साली थँक्सगिव्हिंग ३० नोव्हेंबरला येत होता. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात म्हणून व्यापाऱ्यांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच आठवडाभर अलीकडे ओढला. आई, दुकानदारांसाठी लक्ष्मीपूजन हलवायचं, हे तुला पटलं असतं?

आपली खरेदी बोनस झाला की एकदाच व्हायची. सांगलीत मारुती रोडवर बाबा एकाच ताग्यातून दादाचा शर्ट आणि माझा फ्रॉक बेतायचे. तो फ्रॉक मी पुढची दिवाळी येईपर्यंत मिरवला. इथे घेतलेल्या कोटांतले दोन अजून लेबलासकट टांगलेत, ते मी कशाला घेतले हेही आठवत नाही.

म्हणून यंदा खोकं येणार नाही. जानेवारीत मीच येते, तीन आठवडे. बाबा, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो ना? मी आल्यावर प्लंबरला बोलवू, तोवर बादली लावून ठेवा. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ १० तारखेनंतरची घे, मी बरोबर येईन.

तुमची,
लेक